पिवळ्यात थांबता येईना तेव्हा

ठिपका पिवळ्याला टेकला रे टेकला, की अंगठा दाबला जायचा. मी दाबत नव्हते, तो दाबला जायचा. फेब्रुवारी 2024 पासून त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत तिरंदाजी करताना मी या अंगठ्याशीच झगडत होते. ते कसं सुटलं हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण मला गरज होती तेव्हा याबद्दल मराठीत लिहिलेलं काही माझ्या हाती लागलं नाही.

मी ऐरोलीला राहते, महापेला एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. लेकीला तिरंदाजीच्या वर्गाला घातलं होतं. दहावीच्या वर्षी तिनं सोडलं. मी मात्र तिला आणायला-सोडायला जाता जाता तिथलीच होऊन गेले. रविवारी पहाटेची पनवेल लोकल, खारघरला उतरून रिक्षा. मैदानाच्या मागे डोंगर आहे, पावसाळ्यात तिथून पांडवकड्याची पांढरी धार दिसते. सर माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते.

मी कंपाउंड खेळते. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोर ओढताना मध्यावर सगळा भार अंगावर येतो आणि पूर्ण ओढला की कॅम फिरून तो बराचसा उतरतो. माझं धनुष्य 40 पौंडांचं आहे, पण पूर्ण ओढल्यावर हातात उरतात जेमतेम 10 पौंड. त्यामुळे नेम धरून थांबता येतं, आणि कंपाउंडची सगळी गंमत त्या थांबण्यातच आहे. दोर बोटांनी सोडत नाहीत. दोरावर सुतळीएवढ्या जाडीचा छोटा फास असतो, डी-लूप. त्यात रिलीज, म्हणजे मुठीत धरायचं दोर सोडण्याचं उपकरण, अडकवायचं आणि त्याचं बटण दाबायचं. बंदुकीला किंवा क्रॉसबोला असतो तसा घोडाच तो, फक्त अंगठ्याखाली. दोरात बसवलेल्या पीपच्या भोकातून पाहायचं, पुढे साईटचं, म्हणजे नेम धरायच्या उपकरणाचं भिंग, भिंगात ठिपका, आणि ठिपक्यापलीकडे 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचा फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांचा कागद. त्यातलं दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. पिवळ्यात 10 आणि 9, तांबड्यात 8 आणि 7, निळ्यात 6 आणि 5. कंपाउंडला निळ्याच्या बाहेर गेलेला बाण शून्य. गुणपत्रिकेवर त्यासाठी एम लिहितात.

72 बाणांच्या फेरीत 720 पैकी माझे 640 च्या आसपास व्हायचे. फेब्रुवारीत ते 620 वर आले, मार्चमध्ये 590. आणि कागदावर एम दिसायला लागले, जे मी पहिल्या वर्षानंतर पाहिलेच नव्हते. व्हायचं असं, की ठिपका खालून वर यायचा आणि तांबड्यात अडकायचा. पिवळं वर अगदी समोर दिसतंय, पण हात तिथवर जाईना. मग मी जोर करून तो वर लोटायचे आणि पिवळं दिसताक्षणी अंगठा हिसका द्यायचा. हिसक्यासरशी डावा हातही हलायचा. बाण कधी डावीकडे निळ्यात, कधी खाली फेसच्या बाहेर.

मी आधी सामानाला दोष दिला. जाणकार म्हणवणाऱ्या एकांनी साईट बदला म्हणून सांगितलं, 18,000 रुपये त्यात गेले. स्टॅबिलायझरला, म्हणजे धनुष्याचा तोल सांभाळणाऱ्या दांडीला, वजनं लावून पाहिली, काढून पाहिली. धनुष्याचे दोन पौंड कमी केले. प्रत्येक बदलानंतर एक रविवार बरा जायचा आणि दुसऱ्या रविवारी पहिल्यासारखंच. असे चार महिने गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, ओढा. पिवळ्यात ठेवा. सोडायचं मात्र नाही. मी पाच म्हटलं की धनुष्य तसंच खाली घ्यायचं."

मी ओढलं. ठिपका वर आणला. "एक," सर म्हणाले. "दोन." आणि बाण सुटला.

सोडायचं नाही हे मला ठाऊक होतं, मी तसं ठरवलेलंही होतं. बाण निळ्यात लागला होता. मी रिलीजकडे पाहत राहिले. डोळे भरून आले ते हरल्यामुळे नाही, आपल्याच हाताची अशी भीती वाटल्यामुळे. सरांनी शांतपणे सांगितलं की याला टार्गेट पॅनिक म्हणतात, पुष्कळांना होतं, आणि याच्यावर इलाज आहे, फक्त वेळ लागतो.

त्यांनी समजावलं ते असं: ही घाबरट स्वभावाची खूण नाही, ही लागलेली सवय आहे. पिवळं दिसलं की दाब, हे मी हजारो बाणांत हाताला शिकवलेलं. आता पिवळं दिसलं की हात माझी वाटच बघत नाही. तेव्हा डोळा आणि अंगठा यांची ही गाठ सोडवायची. अंगठ्याला ताकीद देऊन ती सुटत नाही. पिवळंच काही दिवस नजरेआड करावं लागतं.

जूनपासून माझा फेस काढून घेतला. पावसामुळे मैदान बंदच होतं. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना फोमचा बट्रेस, म्हणजे बाण रुतवायचा जाड ठोकळा, भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्यापासून 3 मीटरवर मी उभी राहायची. साईट काढून ठेवलेली. बाण लावायचा, रोख बट्रेसवर आहे याची खात्री करून ओढायचं, अँकर, म्हणजे ओढलेला हात टेकायची ठरलेली जागा, जबड्याखाली नीट बसला की डोळे मिटायचे. मग उजव्या खांद्याचं पातं मणक्याकडे सरकवत राहायचं. अंगठा बटणावर नुसता टेकलेला. पाठ खेचत गेली की हात ताणला जातो, हात ताणला की अंगठ्यावरचा दाब आपोआप वाढतो आणि केव्हातरी ते सुटतं. केव्हा, ते आपल्याला कळता कामा नये. रोज नाही जमायचं, पण आठवड्यातून तीन संध्याकाळी कामावरून परस्पर जायचे. एका वेळी 30 बाण.

पहिले दोन आठवडे डोळे मिटूनही हिसका यायचा. एका संध्याकाळी पाऊस इतका कोसळत होता की पत्र्याच्या आवाजात मला दोराचा आवाजही ऐकू येत नव्हता. डोळे मिटलेले, कान भरलेले, फक्त पाठीतला ताण जाणवत होता. वाट बघता बघता धनुष्य हातातून पुढे झेपावलं आणि मनगटाच्या पट्ट्याला लटकून झुललं. मी दचकले. डोळे उघडले तर बाण फोममध्ये होता. वर्षभरात पहिल्यांदा बाण मी न सोडता सुटला होता. अंगठ्याच्या हिसक्यानं सुटायचा तसा नाही. हा पाठीनं सोडलेला होता. तेवढा एकच त्या दिवशी, 30 मधला.

घरी सरावासाठी सरांनी एक साधी युक्ती दिली. नायलॉनच्या दोरीचा फास करायचा, माझ्या ओढीच्या मापाचा. एक टोक डाव्या मुठीत, दुसऱ्या टोकाला रिलीज अडकवायचं आणि धनुष्य ओढल्यासारखं उभं राहून पाठीनं खेचत राहायचं. सुटलं की दोरी पुढे उडते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याशी हेच करायचे. ज्यांना रोज मैदान मिळत नाही त्यांना मी हे हात जोडून सांगेन: भरलेला बाण नसलेलं धनुष्य घरात ओढून सोडू नका, दोर रिकामा सुटला तर धनुष्याचे लिंब, म्हणजे वाकणारे हात, तडकतात, माणसाला इजा होते. दोरीच्या फासाला असा काही धोका नाही.

जुलैत सरांनी हिंज रिलीज हातात दिलं. त्याला बटणच नसतं. बोटांमध्ये ते किंचित फिरलं की सुटतं, त्यामुळे हिसका द्यायला जागाच उरत नाही. पण ते ओढतानाच फिरलं तर मध्येच सुटतं. मला घाई झाली. दोरीवर आणखी आठवडाभर करा असं सरांनी सांगितलं होतं, मी चार दिवसांतच बाण लावला. अर्ध्या ओढीत ते सुटलं, माझी मूठ माझ्याच ओठावर आदळली आणि बाण बट्रेसच्या कडेला घासून मागच्या जाळीत गेला. ओठ फाटला होता. मागे जाळी आणि भिंत होती म्हणून बाणाचं निभावलं. ओढताना अंगठा हिंजच्या खुंटीवर दाबून ठेवायचा आणि अँकर बसल्याशिवाय तो काढायचा नाही, हा नियम त्या दिवसापासून मी एकदाही मोडलेला नाही.

ऑगस्टमध्ये साईट परत लावली. इतक्या जवळून ठिपका जिथे ठेवाल त्याच्या बरंच खाली बाण लागतो, कारण बाण डोळ्याच्या बराच खाली असतो. तिकडे लक्ष द्यायचं नव्हतं. सरांनी बट्रेसवर एक पिवळा कागद लावला आणि नवा नियम दिला: तीनदा ओढायचं, दोनदा काही न सोडता धनुष्य खाली घ्यायचं, तिसऱ्यांदा सोडायचं. पिवळ्याकडे आठ सेकंद बघत राहायचं आणि तसंच खाली यायचं. वाचायला सोपं वाटेल. मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता. पण हेच खरं औषध निघालं. पिवळं दिसलं आणि काहीच घडलं नाही, असं शेकडो वेळा झालं तेव्हा हात निवला.

याच काळात मी 2023 च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या कंपाउंडच्या अंतिम लढती पुन्हा पुन्हा पाहत होते. साताऱ्याची अदिती स्वामी, वय 17, 150 पैकी 149: पंधरा बाणांत फक्त एक नऊ. नागपूरचा ओजस देवतळे, 150 पैकी 150. दोघंही साताऱ्यात तयार झालेले. मला वाटायचं यांचा ठिपका दगडासारखा स्थिर राहत असेल. सरांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "ताई, ठिपका कुणाचाच थांबत नाही. त्यांचा लहान वर्तुळात फिरतो, तुमचा मोठ्या. तो फिरताना मध्येच धरायला जाल तर बाण बाहेर. फिरू दिलात आणि पाठीनं खेचत राहिलात, तर बाण त्या फिरण्याच्या मध्याशी जातात."

हे मी ताडून पाहिलं. 18 मीटरवर ठिपका पिवळ्यातून तांबड्यात, तांबड्यातून पिवळ्यात तरंगत असताना नुसती खेचत राहिले. सहा बाण एकमेकांना चिकटून, दोन नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या खाचा, फुटले. आजवर मी ठिपका थांबवायला धडपडत होते आणि त्या धडपडीनंच अंगठा बावचळत होता.

पुढचं सरळ झालं असं नाही. 5 मीटर, 10, 18 इथवर दिवाळीआधी आले. 30 मीटरवर गेले आणि तिसऱ्याच बाणाला हिसका परत. सरांनी काही न बोलता बोटानं शेडकडे खूण केली. परत 3 मीटर, परत मिटलेले डोळे, दोन आठवडे. ते दोन आठवडे मला जूनपेक्षा जड गेले. चूक 30 मीटरची नव्हती. त्या दिवशी शेजारच्या रेषेवरची मुलं गुण मोजत होती आणि मीही मनात मोजायला लागले होते. सरांनी गुणांची वही काढून घेतली आणि दुसरी दिली. त्यात एकच रकाना: हिसके किती. बाण दहात लागला आणि अंगठ्यानं हिसका दिला असेल तर एक लिहायचा. निळ्यात लागला पण पाठीनं सुटला असेल तर काही लिहायचं नाही. त्या वहीत खोटं लिहिता येत नाही, कारण ते फक्त आपल्यालाच कळतं.

माझी एक तक्रार आहे, ती इथेच सांगते. कंपाउंड आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात येतंय, त्यामुळे पालक मुलांना घेऊन यायला लागलेत. फार आनंदाची गोष्ट आहे. पण कितीतरी ठिकाणी मुलाच्या हातात धनुष्य आलं की महिन्याभरात समोर फेस लागतो आणि आई-वडील कुंपणापाशी गुण विचारत उभे असतात. कोऱ्या बट्रेसवरचे महिने कुणाला नको असतात. दहा-अकरा वर्षांच्या पोरांचा अंगठा पिवळं बघून उडताना मी पाहिलाय, आणि माझ्या वाट्याला आलं ते त्यांच्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी 50 मीटरच्या रेषेवर उभी राहिले. थंडी पडली होती, वारा अजून उठला नव्हता. दोन शिट्ट्या झाल्या, रेषेवर आलो. एक शिट्टी, बाण लावला. फेरीचा पहिला अर्धा भाग बरा गेला. एकसष्टाव्या बाणाला ठिपका पुन्हा तांबड्यात अडकला. तीच जागा, खालून वर येताना आठाच्या कडेपाशी. अंगठ्यात ती ओळखीची शिरशिरी आली. मी धनुष्य खाली घेतलं. श्वास सोडला, दोराचा फास बोटांनी चाचपला, पुन्हा ओढलं. ठिपका वर आला, पिवळ्यात फिरला, फिरत राहिला. मी खेचत राहिले. बाण गेला तेव्हा मी दचकले.

तो आठ होता, उजवीकडे. तीन शिट्ट्या झाल्यावर बाण काढायला चालत गेलो तेव्हा सरांनी विचारलं, "किती?"

"दोन," मी म्हटलं. "अकरावा आणि चाळिसावा."

"लिहा," ते म्हणाले, आणि माझ्या बाजूच्या मुलाचे बाण उपटायला लागले.