कुंपणापलीकडची सोंड

"सर, केळी खाली ठेवा."

श्रीलंकेत उडवलवेजवळच्या रस्त्यावर चालकाने गाडी हळू केली, थांबवली मात्र नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या विजेच्या कुंपणापलीकडे हत्ती उभा. सोंड दोन तारांच्या मधून बरोबर रस्त्याकडे काढलेली, तारेला जराही न लागता. केवढा सराव!

मी म्हटलं, एक केळं दिलं तर काय बिघडतं?

"तुम्ही उद्या जाल. याला चटक लागली की हा रात्री कुंपण मोडून आमच्या शेतात येतो."

२०२३ या एका वर्षात श्रीलंकेत ४००हून जास्त हत्ती मेले. हत्तींमुळे १५०हून जास्त माणसंही गेली.

केळ्यांची फणी मांडीवर तशीच. मागे वळून पाहिलं, तर सोंड अजून बाहेरच. पुढच्या गाडीची वाट बघत असणार.