प्लॅनर अन् सकाळचे बूट

बर्डीवरून आणलेला प्लॅनर आज खरंच कामी आला राव. मोबाईलमध्ये हॅबिटचं ॲप होतंच, पण ते उघडायला जावं तर आधी व्हॉट्सॲप दिसते अन् मग अर्धा तास कुठं गेला कळतच नाही. कागदाला नोटिफिकेशन येत नाही, हेच त्याचं भारी आहे.

नुसतं "सकाळी फिरणे" लिहून काही होत नाही, निदान माझ्याच्यानं तरी नाही. म्हणून आता लिहितो "चहाचा कप विसळला की लगेच बूट, अंबाझरीपर्यंत", म्हणजे जुन्या सवयीलाच नवीन जोडून द्यायची. आज साडेपाचलाच निघालो, नागपूरचं मे मधलं ऊन सातनंतर कोणाला ऐकते का! घरी येऊन पेनानं टिक मारली तर आई म्हणे, "काय लिहून राहिला रे सकाळी सकाळी, दुधाचा हिशोब का?"

अन् ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता, त्यात निम्म्या लोकांना साधारण ६६ दिवसांपेक्षा जास्तच लागतात असं निघालं, कोणाला १८ तर कोणाला अंदाजे २५४. मधात एखादा दिवस सुटला तरी विशेष बिघडत नाही हेही त्यातच दिसलं, त्यामुळं रिकामा चौकोन पाहून पूर्ण पान फाडायची गरज नाही.

रात्री उद्याच्या पानावर तीनच कामं लिहायची असं ठरवलंय. आत्ता पाहतो तर आईच्या अक्षरात चौथं आलंय: गहू दळून आणणे 😄