संदेशांवरचा बिंगो: नियमांचा नवा मसुदा

संदेशांवर खेळायच्या बिंगोचे (पुकारलेले आकडे आपल्या कार्डावर खोडत ओळ पूर्ण करायचा खेळ) नियम आता खेळण्याजोगे झालेत. कार्ड नेहमीचंच: ५ × ५, मधलं घर मोकळं, १ ते ७५ आकडे, प्रत्येक उभ्या रकान्याला १५ आकड्यांचा गट. बाकी बरंच बदललंय.

सगळ्यात आधी वेग खेळाबाहेर काढला. एका खोलीत बसून खेळताना 'बिंगो' कोण आधी ओरडतो याला अर्थ असतो. इथे कुणी झोपेत असतो, कुणी कामावर. म्हणून विजेता संदेशाच्या वेळेवरून ठरत नाही. कितव्या आकड्याला ओळ पूर्ण झाली, त्यावरून ठरतो. दिवसाला पाच आकडे जाहीर होतात, पण क्रमाने, आणि तोच क्रम धरला जातो. दाव्याला मुदत ४८ तास. दावा मात्र ज्याचा त्यानेच करायचा. आपल्या कार्डावर नजर ठेवायची नसेल तर बिंगोत उरतं काय?

आता पुकारणारा. केवळ त्याच्या भरवशावर खेळायचं हे मला पटत नव्हतं, आणि सर्वांत जास्त डोकं इथेच लागलं. त्याने क्रम आधी ठरवून त्याचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरातून गणिताने निघणारा ठसा; त्यावरून मूळ मजकूर कळत नाही, पण मजकूर उघडल्यावर तोच होता का ते पडताळता येतं) जाहीर केला, तर नंतर क्रम बदलता येत नाही. पण कार्डं भरण्याआधी तो मित्राच्या कानात सांगता येतो. कार्डं जमा झाल्यावर ठरवला, तर एखाद्या कार्डाला सोयीचा निवडता येतो. आणि नुसत्या सार्वजनिक सोडतीच्या निकालावरून काढला, तर पहिल्याच दिवशी कुणीही ७५ आकडे मांडून मोकळा होईल. मग रोज वाट कसली पाहायची?

हॅश आणि सोडत दोन्ही एकत्र केल्यावर गाठ सुटली. पुकारणारा एक गुप्त मजकूर निवडतो आणि त्याचा हॅश जाहीर करतो. मग कार्डं जमा होतात, त्यानंतर बदल बंद. पुढे, आधीच नाव सांगून ठेवलेल्या सोडतीचा निकाल लागतो, आणि गुप्त मजकूर अधिक तो निकाल यांतून ठरलेल्या पद्धतीने क्रम निघतो. कार्डं बंद होईपर्यंत क्रम खुद्द पुकारणाऱ्यालाही ठाऊक नसतो. नंतर तो फुटला तरी कार्ड बदलता येत नाही. खेळ संपला की मजकूर उघडायचा, ज्याला हवं त्याने पडताळून पाहायचं. मजकूर लांब आणि अर्थहीन हवा. साधा शब्द असेल तर एकेक शब्द घालून पाहत कुणीही तो शोधून काढेल. पुकारणारा स्वतः खेळत नाही, हे ओघानं आलंच.

बक्षिसांत आडव्या आणि उभ्या ओळी वेगळ्या केल्यात. खेळात खूप कार्डं असली की सर्वांत आधी पूर्ण होणारी ओळ आडवी असण्याची शक्यता उभीपेक्षा बरीच जास्त असते. उभीला एकाच गटातले पाच आकडे लागतात (मधल्या रकान्यात चार), आडवीला निरनिराळ्या गटांतला एकेक. हे गणित मला फार आवडतं, आणि एकच बक्षीस ठेवलं तर उभी ओळ नावालाच उरेल. फुल हाउसला आकड्यांची मर्यादा घातलेली नाही: ५० आकड्यांत एखादं कार्ड पूर्ण भरण्याची शक्यता सुमारे २,१२,००० मध्ये एक आहे.

एकाच आकड्यावर दोघांची ओळ झाली तर बक्षीस वाटून. मात्र दाव्याची मुदत संपेपर्यंत कुणाचंही नाव जाहीर करायचं नाही. पुढच्या फेरीत दिवसाला पाचाऐवजी तीन आकडे देऊन पाहणार आहे; उत्सुकता टिकते की खेळ रेंगाळतो, ते तेव्हाच कळेल.