पोटावरचे तीन ठिपके

माझ्या ओटीपोटावर एक आणि दोन्ही कुल्ह्यांवर एकेक असे तीन निळे ठिपके आहेत, मोहरीएवढे. हातावरचं गोंदण लहानपणी आईने काढून घेतलेलं. हे तीन मात्र २०२१ साली सोलापुरात लाईट, म्हणजे रेडिएशन, सुरू होण्याआधी काढले, रोज मशीनखाली अंग नेमकं त्याच जागी यावं म्हणून. माहेरी साडी बदलताना भावजयीच्या नजरेस पडले तेव्हा तेही गोंदणच, असं सांगून मी विषय मिटवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता हे घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

पाच आठवड्यांत २५ लाईट झाले, दर आठवड्याला सलाइनमधून केमो, शेवटी चार वेळा आतून लाईट. जुलाब लागले, लघवीला आग व्हायची, ते महिन्याभरात थांबलं. गाठ गेली. मी पुन्हा अंगणवाडीत जायला लागले.

सव्वा वर्षाने संडासला रक्त पडायला लागलं. आधी थेंब, मग धार. दुखत काहीच नव्हतं. जवळच्या दवाखान्यात मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण मिळालं. डॉक्टरांनी तपासलं नाही, आणि लाईट घेतल्याचं मीही बोलले नाही. असे चार महिने गेले. खिचडीचं पातेलं उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. रात्री पडल्या पडल्या एकच वाटायचं, तोच परत आलाय. यांनाही सांगितलं नाही.

तालुक्याला दुसऱ्या डॉक्टरांनी मूळव्याधीचं ऑपरेशन ठरवलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या सकाळी सिस्टर माझी तयारी करत होत्या आणि त्यांचा हात थांबला.

"मावशी, हे ठिपके कसले?"

"गोंदण आहे."

"कुल्ह्यावर कोण गोंदतं? लाईट घेतलेत का तुम्ही?"

मला रडू फुटलं. त्यांनी दार लोटून घेतलं, शेजारी बसल्या, सगळं ऐकलं आणि तशाच उठून डॉक्टरांकडे गेल्या. ऑपरेशन रद्द झालं. लाईट बसलेल्या जागी कापलं तर जखम भरायला फार त्रास होतो, हे मला तेव्हा कळलं.

मग जुनी फाईल घेऊन सोलापूरला पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. दुर्बिणीने आतलं पडद्यावर दिसत होतं. गुलाबी कातडीवर लाल रेघांचं बारीक जाळं, आणि दुर्बीण नुसती टेकली तरी रक्त. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडामागेच गुदाशयाची पुढची भिंत असते, त्यामुळे गाठीवरचा लाईट तिलाही लागतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पुढे कित्येक महिने आतून जाड होत बुजत जातात. रक्त पुरेना की शरीर नव्या वाहिन्या फोडतं, पण त्या कच्च्या असतात, घट्ट संडास घासली तरी फुटतात. म्हणून हा त्रास इतक्या उशिरा येतो.

"मग तो परत नाही ना आला?" यांनी विचारलं. म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं.

आला नव्हता. तपासणीसाठी तुकडा मात्र डॉक्टरांनी मुद्दाम काढला नाही. पुढच्या भिंतीचा तुकडा काढला तर तिथे भोक पडून संडासची वाट योनीत उघडायची भीती असते.

आधी ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध दिलं, सुक्राल्फेट. पण ते प्यायचं नाही, खालून आत सोडायचं. चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच याचा गुण दाखवून दिला होता, असं डॉक्टर म्हणाले. सकाळ-संध्याकाळ २० मिली. मी डाव्या कुशीवर, आणि हे सिरिंजला रबरी नळी लावून डोळ्यांसमोर धरून मात्रा मोजायचे. द्राक्षांवर फवारणी करून खडबडीत झालेले हात, पण नळी इतकी हळू सरकवायचे की मला कळायचंही नाही. मग अर्धा तास तशीच पडून राहायची. त्या अर्ध्या तासात आम्ही जितकं बोललो तितकं गेल्या वीस वर्षांत बोललो नव्हतो.

रक्त कमी झालं, थांबलं नाही. मग दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या झोताने त्या वाहिन्या डागल्या, महिन्याच्या अंतराने तीन वेळा. आदल्या दिवशी दोन लिटर पाण्यात पावडर घालून प्यायची, पोट पार स्वच्छ व्हायला हवं, कारण आत साठलेल्या वायूला ठिणगी लागू शकते. ते दोन लिटर मला डागण्यापेक्षा जड गेले. प्रत्येक वेळी आठवडाभर कळ यायची, घाईची लागायची. अंगणवाडीत मदतनीस ताईला खरं सांगितलं, मग ती सांभाळून घ्यायची.

आता हिमोग्लोबिन ११.२ आहे. पोट घट्ट झालं तर एखादा थेंब दिसतो, तेवढंच. भावजयीलाही सांगून टाकलं.

यंदा द्राक्षं उतरली तेव्हा एक पेटी घेऊन तालुक्याला गेले. सिस्टरांची रात्रपाळी होती, भेट झाली नाही. ठिपक्यांच्या मावशीने दिलीत म्हणून सांगा, असं म्हणून पेटी टेबलावर ठेवून आले.