चेडवाची दाढ

मी डेंटिस्ट, मालवणजवळ छोटं क्लिनिक आहे आणि अधूनमधून आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांत पोरांचे दात बघायला जाते. हा किस्सा जत्रांच्या सीझनमधला. तिसरीतली एक मुलगी (मालवणीत चेडू), डावा गाल सुजलेला, तोंड उघडायलाच तयार नाही. कसंबसं उघडलं तर खालची मागची दाढ निम्मी गेलेली, खड्ड्यात जत्रेतल्या खाजाचा गूळ चिकटलेला आणि शेजारी हिरडीवर पुवाची पुळी. वरून आजीने दुखतंय म्हणून त्यात मशेरी दाबली होती!! त्यावर मी जरा चिडलेच, तंबाखू आहे ती शेवटी.

बाईंनी आईला फोन केला. ती थेट बंदरावरून आली, टोपली पडवीत ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "डॉक्टर, काढून टाका ती. दुधाचीच दाढ, नवीन येतलीच मगे."

मी विचारलं, ही दाढ आधी कधी पडलीय का? "नाय पडली, म्हणान तर दुधाची."

आता बघा, लॉजिक तिचं काहीच चुकीचं नव्हतं. पुढचे दात पडतात, नवीन येतात, मग जो पडलाच नाही तो दुधाचाच असणार ना. घोळ असा की ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर ब्रश धरलेल्या हसऱ्या मुलाचं चित्र असतं, पण हे आयांना कोण सांगतं? या दाढेचं चित्र मला तरी कुठे दिसलेलं नाही.

मी आरसा आणि टॉर्च तिच्याच हातात दिला. म्हटलं, मधल्या रेषेपासून मोजा, दुधाचे एका बाजूला पाचच, चारी बाजू मिळून २०, सहावा लागला की तो कायमचा. तिने करंगळीने एकेक दात मोजला, पाचावर थांबली, परत पहिल्यापासून मोजला. "म्हणजे हीच म्हातारी होयसर वापरूची?"

हो म्हटलं, म्हातारपणापर्यंत हीच. मग काढायचा विषयच संपला. सूज होती म्हणून औषध लिहून दिलं आणि क्लिनिकला बोलावलं, कारण आठव्या वर्षी या दाढेच्या मुळाचं टोक पूर्ण बंद झालेलं नसतं, ट्रीटमेंट जरा जपून करावी लागते, शाळेच्या बाकावर होणारं काम नाही.

ती मात्र जाईना. पहिलीतल्या धाकट्याला वर्गातून ओढून आणलं आणि टॉर्च मारून मोजायला लागली. "याका पण इली!" खरंच आली होती, अर्धवट वर, मागच्या बाजूला अजून हिरडीची झालर. अशी दाढ बाकीच्यांपेक्षा खाली असते, ब्रश वरून नुसता निघून जातो, म्हणून गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून तेवढी वेगळी घासायची. पोरं सकाळी आपापली घासतात म्हणाली. म्हटलं रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं, सात-आठ वर्षांपर्यंत तुम्हीच हातात ब्रश घ्या, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, ट्यूबवर १००० पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) लिहिलंय का बघा, आणि थुंकल्यावर लगेच चुळा भरायच्या नाहीत. चुळा न भरण्याचं काही तिला पटलं नाही, तोंड वाकडं केलं.

"सोमवारी येतंय, त्या दिवशी तसो मासो खपणा नाय."

आली. मुलीच्या दाढेचं काम सुरू केलं, धाकट्याची दाढ पूर्ण वर आली की सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचांवर पातळ थर, करायचं ठरलं. आणि सोबत शेजारणीची दोन पोरं, न विचारता आणलेली, "मी मोजलंय, दोघांचे पण सहावे किडलेत." एकाचा सहावाच होता. दुसऱ्याचा निघाला पाचवा, म्हणजे दुधाची दाढ, पण तीही दहा-बारा वर्षांपर्यंत लागते म्हणून तीही भरून टाकली.