चित्र बदलायचे दोनशे?

गेल्या लग्नसराईतली कोल्हापुरातली गोष्ट. सकाळी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारतोय तोवर मंगळवार पेठेतल्या प्रेसवाल्या मामांचा फोन, "आवो लवकर या, सगळ्या पत्रिका गेल्या, व्हायरस शिरलाय!" राजारामपुरीतनं मिरजकर तिकटीला जायला कितीसा वेळ लागतोय, पण तेवढ्यात तीन मिसकॉल.

जाऊन बघतो तर कोरलच्या (पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) सगळ्या सीडीआर फायलींवर कोरलचं चित्रच नाही, पांढऱ्या कोऱ्या कागदावर मधोमध पीडीएफ रीडरचा बारका लाल शिक्का. डबल क्लिक केलं की रीडर उघडून एरर. आदल्या रात्री कुणीतरी फोनवर सांगितलेलं म्हणे, फॉरमॅट मारा. ६ वर्षांच्या पत्रिका होत्या हो त्यात, फॉरमॅट काय मारा!

आधी मामांचा जीव भांड्यात पडायला पाहिजे म्हणून एक फाईल नोटपॅडमध्ये उघडली. सगळा कचरा, पण पहिली दोन अक्षरं पी आणि के. कोरल एक्स४ पासनं सीडीआर म्हणजे आतनं झिपच (फायली दाबून बांधलेलं गाठोडं) असते, आणि झिपची सुरुवात पीकेनंच होते. म्हटलं मामा, माल शाबूत आहे, नुसती पाटी बदलल्या. मग त्याच फाईलची कॉपी डेस्कटॉपवर घेऊन टिंबापुढचं सीडीआर काढून काहीतरी अबकड टाकलं, शिक्का गायब. परत सीडीआर केलं, शिक्का हजर. मामा दोनदा करायला लावले मला.

आता पाटी कुणी बदलली ते शोधायचं. कमांड प्रॉम्प्टवर असोक (कुठली फाईल कुठल्या प्रोग्रामची ते सांगणारी कमांड) मारलं तर ते म्हणतंय सीडीआर कोरलचीच. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, क्लासेस रूटमध्ये बघितलं, तिथंपण कोरलचंच नाव, त्या नावाखाली डिफॉल्टआयकॉनमध्ये कोरलच्याच फाईलचा पत्ता, पुढं स्वल्पविराम आणि आकडा. (एका ईएक्सईत, म्हणजे प्रोग्रामच्या फायलीत, ढीगभर आयकॉन असतात, त्यातला कितवा घ्यायचा ते हा आकडा सांगतो, मोजणी ० पासनं.) सगळं बरोबर आणि स्क्रीनवर चूक! अर्धा तास इथंच गेला माझा, चहा दोनदा झाला, आणि असोकवर विश्वास ठेवला ही चूक माझीच, कारण विंडोज आधी बघतंय ते यूजरचॉइसमध्ये, म्हणजे त्या यूजरनं स्वतः काय निवडलंय ते, आणि असोक तिकडं ढुंकूनही बघत नाही. तिथं बसलेला रीडर. तो हातानं बदलून चालत नाही, विंडोज ८ पासनं त्याला हॅश, म्हणजे पडताळणीचा कोड, लावलेला असतोय, जुळला नाही की निवड रद्द. म्हणून सरळ राइट क्लिक, ओपन विथ, कोरल, आणि खाली 'नेहमी'वर टिक. झालं की. दोन फोल्डरात तरी जुनंच चित्र दिसत होतं, ती आयकॉन कॅशे, म्हणजे विंडोजनं साठवून ठेवलेली जुनी चित्रं, ती साफ केल्यावर गेलं.

ऑपरेटर पोरगं कोपऱ्यात कटिंग मशीनकडं तोंड करून गप्प उभं होतं. मी काय बोललो नाही. गाडीजवळ येऊन हळूच म्हणालं, "दादा, रात्री घाईत रीडरवर 'नेहमी'ची टिक तशीच राहिली वाटतं."

तेवढ्यात मामा पैसे घेऊन बाहेर.

"किती झालं?"

"दोनशे द्या."

"फायलींना काय झालंच न्हवतं म्हणालासा की!"


"न्हवतंच."

"मग दोनशे कशाचे, चित्र बदलायचे?" म्हणत दीडशेच टेकवले.