कोल्हापुरातून अरुगम बे: एक पहाट लाटांची, एक पहाट रानाची

जूनमध्ये गगनबावडा धो धो पावसात बुडालेला असतो आणि तिकडे शिरोळचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. श्रीलंकेतही तसंच आहे. नैऋत्य मोसमी वारा आपलं पाणी पश्चिम किनाऱ्यावर आणि मधल्या डोंगरांत रिकामं करतो. पूर्वेला पोचेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. म्हणून मालवण-तारकर्लीचा समुद्र आपल्याला बंद असतो, नेमक्या त्याच महिन्यांत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेला लख्ख ऊन आणि दक्षिणेकडून आलेल्या लांब लाटा असतात. पावसाळ्यात रजा मिळते पण जायचं कुठे, असं म्हणणाऱ्यांनी हा किनारा जरूर बघावा.

हंगाम साधारण एप्रिलअखेर ते सप्टेंबरअखेर. त्यातले कुठले दिवस निवडायचे ते तुम्हाला काय बघायचंय यावर ठरवा. जवळच्या कुमना राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीत पक्ष्यांची वीण बघायची असेल आणि बोर्ड घेऊन लाटांवर उभं राहायला, म्हणजे सर्फिंग, शिकायचं असेल, तर मेअखेर आणि जून. मोठ्या लाटा आणि लाहुगलाच्या तलावावरचे हत्ती हवे असतील तर जुलै-ऑगस्ट, पण तेव्हा गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढलेले असतात. माझं मत जूनच्या बाजूने आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हाचा बेत करूच नका.

जायचं कसं? कोल्हापूरहून रात्रीच्या बसने बेंगळुरू आणि तिथून कोलंबोचं विमान, हे सरळ पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये निघणार असाल तर मध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात महामार्ग उत्तरेला शिरोलीजवळ आणि दक्षिणेला निपाणीच्या यमगर्णीजवळ पाण्याखाली गेला होता. पंचगंगा इशारा पातळीकडे सरकताना दिसली की विमानाच्या तारखेची वाट न बघता आधीच बेंगळुरू गाठावं. व्हिसासाठी श्रीलंका सरकारच्या अधिकृत ईटीए (प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी) संकेतस्थळावर अर्ज करायचा. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिथेच बघून घ्या.

कोलंबोचा विमानतळ खरं तर शहराच्या उत्तरेला, कटुनायकेला आहे. तिथून अरुगम बे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. गाडीने सात-आठ तास धरा. दुपारी उतरून लगेच निघालात, तर मोनरागलाच्या पुढचा रस्ता अंधारात लागतो. तिथे तिन्हीसांजेनंतर हत्ती डांबरीवर येतात. पहिला मुक्काम वाटेतल्या डोंगरातल्या एल्ला गावी करा, दुसऱ्या दिवशी तीनेक तासांत समुद्र.

आता खरा पेच. लाटा पहाटे चांगल्या आणि जनावरंही पहाटेच दिसतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे लाटेचं तोंड साफ राहतं. अकराच्या सुमारास वारा उलटतो आणि पाणी खवळल्यासारखं तुटक होतं. एकाच दिवशी दोन्ही साधायला गेलात तर धड काहीच हाती लागत नाही. म्हणून अरुगम बेलाच तळ ठोकायचा, किमान सात रात्री, आणि एक पहाट समुद्राला, एक पहाट रानाला द्यायची. रोज सामान उचलून नवं हॉटेल गाठणाऱ्यांच्या पहाटा गाडीतच जातात.

समुद्राचं म्हणाल तर नवख्याने थेट मेन पॉइंटला, म्हणजे इथल्या मुख्य लाटेवर, जाऊ नये. तिथे खाली खडक आहे, खडकांत समुद्री साळ (सी अर्चिन, अंगभर काटे असलेला जीव) आहे, आणि लाट पकडायला सराईत लोकांची रांग लागलेली असते. बेबी पॉइंट, नाहीतर शेजारच्या पोतुविल गावाच्या उत्तरेचा व्हिस्की पॉइंट बरा. बोर्ड मऊ पृष्ठभागाचा, आठ-नऊ फुटी, तिथेच भाड्याने घ्या. पडताना डोक्यावर हात घेऊन आडवं पडायचं, पाय खाली सोडायचे नाहीत. लाट फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. हा नियम मोडला की अपघात होतात. अंदाज बघताना लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधल्या सेकंदांकडे लक्ष द्या. मीटरभर लाट आणि बारा सेकंदांच्या वर अंतर असेल तर लाटेत दम असतो. भरती-ओहोटीचा फरक मात्र अर्धा-पाऊण मीटरच, कोकणासारखं घड्याळ लावावं लागत नाही.

निघण्याआधी दीड-दोन महिने अंबाई टँकला न थांबता चारशे मीटर पोहण्याची सवय करा. नदीत पोहणाऱ्यांचा दम चांगला असतो, पण बोर्डवर पालथं पडून हात मारताना खांदे आणि पाठ भरून येते. त्यावर तालमीतले जोर हाच उत्तम उपाय. बोर्डवर उठायची क्रियाही छातीखाली हात टेकूनच सुरू होते.

रानाच्या दिवशी जीप पहाटे साडेचारला निघायला हवी. पानामा गावापर्यंत रस्ता चांगला, पुढे ओकांडाच्या प्रवेशद्वारापर्यंत कच्चा. एकूण तीसेक किलोमीटर. कुमना राष्ट्रीय उद्यान युद्धामुळे 1985 पासून 2003 पर्यंत बंद होतं, आणि आजही ‘याला’ या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाच्या मानाने इथे जीपची गर्दी फार कमी असते. गाडीवानाला आधीच सांगा की बिबट्यामागे धावायचं नाही, कुमना विल्लूच्या (पाणथळ तळ्याच्या) काठाला तासभर इंजिन बंद करून थांबायचं. चित्रबलाक झाडाच्या शेंड्यावर पिलांपुढे मासे ओकतात, खालच्या फांदीवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात आणि मधूनच चमचा पक्षी चिखल ढवळत जातो. हे उभ्या गाडीतूनच दिसतं. दाजीपूरचा गवा इथे मिळणार नाही, रानम्हशी मात्र आहेत. जुलैच्या सुमारास ओकांडाच्या मुरुगन मंदिरापासून कतरगामा या तीर्थक्षेत्राची पदयात्रा याच रानातून जाते. आपल्याकडची वारी केलेल्यांनी त्या तारखा आवर्जून गाठाव्यात.

एलिफंट रॉक आणि पीनट फार्म या किनाऱ्यांमागच्या खाजणांत मगरी आहेत. 2017 मध्ये एलिफंट रॉकजवळ एका पर्यटकाचा मगरीने जीव घेतला. खाजणाच्या पाण्यात हातपायसुद्धा धुवायचे नाहीत. या किनाऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर संध्याकाळी पाचनंतर स्कूटर नको. हत्ती दिसला की लांबच थांबा, गाडी वळवून तोंड परतीच्या दिशेला करून ठेवा आणि हॉर्न वाजवू नका.

2016 पासून श्रीलंका मलेरियामुक्त आहे, पण डेंग्यू आहे, तेव्हा डास पळवणारं मलम हवंच. समुद्री साळीचा काटा रुतला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, वर आलेले काटे चिमट्याने काढा. सांध्यात रुतला असेल तर पोतुविलच्या दवाखान्यात जा. शाकाहारींनी जेवण मागवताना ‘उंबलकड नको’ असं स्पष्ट सांगावं. हा सुक्या माशाचा चुरा खोबऱ्याच्या सांबोलात (चटणीत) आणि पुष्कळदा भाज्यांतही घालतात.